पश्चिमेची खिडकी, कूलर आणि आईंची खोली

सासूबाई नागपूरच्या महाल भागातलं जुनं घर सोडून प्रतापनगरला आमच्याकडे राहायला आल्या, त्याला आता चार वर्षं होतील. वय ७४. दोन्ही गुडघे दुखतात, दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेली. त्यांना आम्ही मागची १० बाय १२ ची खोली दिली. पश्चिमेला एकच खिडकी, डोक्यावर स्लॅब आणि त्यावर थेट गच्ची. मी ती हौसेनं सजवली होती. वाइन रंगाचे चकाकते तयार पडदे पार जमिनीला टेकतील असे, फोमची गादी, तिच्यावर गुळगुळीत चादर, पलंगाशी केसाळ गालिचा. खोलीचे फोटो सुरेख यायचे. आई मात्र दुपारी तिथं थांबत नसत. जेवण झालं की उशी काखेत मारायची आणि हॉलमधल्या दिवाणावर येऊन पडायचं. विचारलं की म्हणायच्या, "काही नाही वो, इथं बरं वाटते." दोन वर्षं मी ते उत्तर तसंच धरून चालले. तिसऱ्या वर्षी जानेवारीत पडद्याच्या घोळात पाय अडकून त्या पडता पडता वाचल्या. त्या रात्री मी वही काढली.

मी घरी शिवणवर्ग घेते, अकरा वर्षं झाली. खोली बदलायची म्हणून येणाऱ्या बहुतेक बायका पहिला प्रश्न विचारतात तो रंगाचा. मीही तिथूनच सुरुवात केली होती. हे प्रकरण सविस्तर लिहायचं ते यासाठी की दुसऱ्या खेपेला रंग सगळ्यात शेवटी आला, आणि तोही मी निवडला नाही.

आधी आठ दिवस नुसतं पाहिलं

फेब्रुवारीत आठ दिवस मी त्या खोलीत काही हलवलं नाही. दर दोन तासांनी जाऊन बघायचं आणि लिहायचं. दुपारी साडेतीनपासून ऊन आत यायचं ते पलंगाच्या पायथ्याशी. मे महिन्यात सूर्य बराच उत्तरेकडे सरकून मावळतो, म्हणजे तेच ऊन तेव्हा उशीच्या बाजूला येणार. आई दिवाणावर का जात होत्या, ते एवढ्यातच अर्धं कळलं.

उरलेलं अर्धं कूलरपाशी होतं. नागपुरात कूलर खिडकीत असतो. बाहेर लोखंडी स्टँडवर टाकी, आणि तोंड खिडकीच्या खालच्या भागातून आत. आमच्या खिडकीत तो डावीकडे आहे. म्हणजे खिडकी पाच फुटांची असली तरी उन्हाळ्यात डावा खालचा चतकोर कूलरचा. त्याच्यावर लांब पडदा लोंबत असला की एक तर तो हवा अडवतो, नाही तर फडफडत राहतो आणि खालची किनार ओली होते. गेल्या दोन उन्हाळ्यांत त्या पडद्याला जो कुबट वास यायचा तो या ओलीचा होता. मी तो धुण्याच्या पावडरीनं घालवायला बघत होते.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा सुचली. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, तेव्हा आतली हवा बाहेर जायला वाट लागते. ती गेली नाही की खोलीत दमटपणा साचतो, अंग चिकचिकतं. आमच्या खोलीची वाट म्हणजे हॉलकडचं दार, आणि त्या दारावर मी जाड, जमिनीपर्यंतचा पडदा लावला होता. तो त्याच दिवशी काढला. आईंना आडोसा हवाच, म्हणून पुढे तिथं पातळ सुती अर्धा पडदा केला. वरून फूटभर मोकळा, खालून दीड फूट मोकळा. आत कोणी पाहू शकत नाही आणि वारा जातो. गालिचाही त्याच दिवशी गुंडाळून माळ्यावर टाकला. म्हाताऱ्या माणसाच्या पलंगाशी घसरणारी वस्तू नको.

ऊन बाहेरच थांबवायचं

शिवणाऱ्या बाईनं हे म्हणावं का, माहीत नाही, पण पहिला खर्च कापडावर करू नये. ऊन काचेतून एकदा आत आलं की पडदा उजेड अडवतो, ऊब पूर्ण अडवत नाही. पडदा स्वतः तापतो आणि बरीचशी ऊब खोलीतच सोडतो. म्हणून आधी छज्ज्याला बाहेरून बांबूची चिक टांगली. खिडकी आणि कूलर दोन्ही सावलीत येतील एवढी रुंद, आणि कूलरला हवा ओढता यावी म्हणून त्याच्यापासून फूटभर पुढे. गच्चीवर चुन्याचे दोन हात दिले. हे नागपुरात बरेच जण करतात, त्यावर जास्त लिहीत नाही.

पडद्याचं कापड

कापडासाठी गांधीबागच्या कापडबाजारात गेले. एका दुकानात "शंभर टक्के कॉटन" म्हणून छान वजनदार कापड दाखवलं. मी बोटभर तुकडा मागून घेतला आणि घरी आले. कापडाचे उभे धागे वेगळे काढायचे, आडवे वेगळे, आणि एकेक जुडी चिमट्यात धरून जाळायची. सुती धागा कागदासारखा भुरुभुरु जळतो, वासही जळक्या कागदाचा येतो आणि मागे मऊ करडी राख राहते. या तुकड्याचा उभा धागा तसाच जळला. आडवा मात्र आखडत गेला, वितळला आणि टोकाशी काळा टणक मणी राहिला. एकाच दिशेचा धागा जाळला असता तर मी फसले असते. माझ्या वर्गातल्या प्रत्येकीला मी हे करायला लावते, दोन्ही दिशांनी.

आईंनी न जाळता सांगितलं होतं. तुकडा अंगठा आणि तर्जनीत धरून दोनदा चोळला आणि म्हणाल्या, "याच्यात दुसरं काही आहे. सूत असं घसरत नाही." त्यांचे वडील एम्प्रेस मिलमध्ये होते. १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांनी सुरू केलेली ती मिल. व्हिक्टोरिया राणीला भारताची सम्राज्ञी जाहीर केलं तोच हा दिवस, म्हणून हे नाव. मिल आता नाही, पण घरात कापड आलं की ते डोळ्यांआधी बोटांनी बघायचं ही सवय आईंच्या हातात राहिली आहे. खरेदीला मी त्यांना आधीच न्यायला हवं होतं. दुसऱ्यांदा नेलं.

सुतीचाच हट्ट का, तेही सांगते. हवेत ६५ टक्के आर्द्रता असताना कापूस स्वतःच्या कोरड्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के ओल धरतो, पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के. अंगाखालच्या चादरीला, उशीच्या अभ्ऱ्याला हा फरक रात्रभर कळतो. घाम कापडात जातो, अंगावर राहत नाही. याच गुणानं पुढे पावसाळ्यात त्रास दिला, ते पुढे येईलच.

मापं अशी. खिडकी ६० इंच रुंद, दोन्ही बाजूंना आठ आठ इंच जास्त, म्हणजे दांडी ७६ इंचांची. फटीतून येणारं ऊन थांबवायचं तर एवढं जास्त लागतंच. दांडी खिडकीच्या वर सहा इंच. चुण्या नीट पडायला कापड दांडीच्या दुप्पट हवं, म्हणजे १५२ इंच. कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, ४८ इंच, धुतल्यावर ४६ धरला. तीन पन्हे म्हणजे १३८, कमी पडतात. म्हणून चार घेतले, डावीकडे दोन, उजवीकडे दोन. लांबी जमिनीपर्यंत नाही, खिडकीच्या उंबऱ्याखाली सहा इंच. तयार पडदा ६० इंच, वरची दुमड चार, खाली चार चार इंचांची दुहेरी दुमड, म्हणजे ७२, आणि आटण्यासाठी चार इंच. चार पन्ह्यांचे ३०४ इंच झाले. डाव्या पडद्याला मधे जोड येणार होता, त्याचं थोडं धरून साडेआठ मीटर कापड घेतलं. मशीनला १६ नंबरची सुई, टाका तीन मिलिमीटरचा. बारीक टाक्यानं जाड सुती कापड शिवणीपाशी गोळा होतं.

डावा पडदा हीच या खोलीची खरी गरज होती. तो दोन तुकड्यांत केला. वरचा २८ इंचांचा, कूलरच्या तोंडाच्या वर संपणारा. खालचा ३४ इंचांचा, वरच्याच्या मागे दोन इंच जाऊन नऊ बटणांनी अडकणारा. कूलर सुरू झाला की खालचा तुकडा काढून ठेवायचा, थंडीत परत लावायचा. दांडीवर अडकवायला कड्यांऐवजी कापडाच्याच पट्ट्यांचे फासे, कारण कूलरच्या ओलीनं कड्या गंजतात आणि डाग पडतात.

रंग आईंनी निवडला. पांढरा मला आवडत होता, पण उन्हात तो त्यांच्या डोळ्यांना चमकायचा. त्यांनी मोतिया घेतला, बारीक कुंकवाच्या रंगाची रेघ असलेला. "लुगड्याच्या काठासारखं वाटते," एवढंच म्हणाल्या.

माझी चूक

मुख्य कापड मी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच कापलं. अस्तर होतं पांढऱ्या मांजरपाटाचं, काचेकडे पांढरी बाजू राहावी म्हणून. ते भिजवलं नाही. अस्तरच तर आहे, आत राहणार, असं वाटलं. आणि चारही बाजूंनी दोन्ही कापडं एकत्र शिवून टाकली, उशीच्या खोळीसारखी.

एप्रिलच्या शेवटी धुळीचं वादळ झालं. पडदे काढले, धुतले, वाळवले, लावले. सकाळी बघते तर पडद्याच्या पोटात फुगे. मांजरपाट जवळजवळ तीन इंच आटला होता, बाहेरचं कापड जागच्या जागी. खालची किनार आत ओढली गेली होती आणि मोतिया कापड मधोमध झोळीसारखं लोंबत होतं. इस्त्रीनं हे सुटत नाही. बाजूच्या आणि खालच्या शिवणी सगळ्या उसवल्या. उसवायला दोन दुपारी गेल्या. मग अस्तर धुऊन घेतलं, वाळवलं आणि फक्त वरच्या पट्टीत धरलं. बाजूंना वीतभर अंतरावर सैल हातटाके, खाली अस्तर पूर्ण सुटं, त्याची स्वतःची दुमड आणि पडद्यापेक्षा एक इंच आखूड. दोन कापडं दोन स्वभावांची असतात. त्यांना वरून एकत्र टांगायचं आणि खाली मोकळं सोडायचं. वर्गात मी हे अकरा वर्षं सांगत आले आहे, आणि घरच्या कामात घाईत तेच मोडलं. ते उसवलेले दोरे मी वहीत चिकटवून ठेवलेत.

गादी, गोधडी, लोड

फोमची गादी उन्हाळ्यात पाठीखाली तापते, अंग आत रुततं आणि गुडघेदुखीच्या माणसाला त्यातून उठणं जड जातं. महालातली कापसाची गादी माळ्यावर होती. गठ्ठे झालेले, मधे खड्डा. गादी भरणाऱ्याकडे नेली आणि कापूस बाहेर काढून डोळ्यांसमोर वजन करायला लावलं. बारा किलो भरला. पिंजून धूळ आणि बारका कचरा गेल्यावर साडेदहा. दीड किलो नवा घालून परत बारा केला. नवी खोळ मी शिवून नेली होती, पट्ट्यापट्ट्यांच्या जाड कापडाची. टाके जरा जवळजवळ, वीतभर अंतरावर मारायला सांगितले, म्हणजे कापूस सरकत नाही. त्याचे थोडे जास्त पैसे पडले, आणि ते सार्थकी लागले.

गोधडीचा बेत माझा नव्हता. पहाटे चारच्या सुमारास कूलरची हवा गार लागते आणि सिंथेटिक ब्लँकेट अंगावर घेतलं की पाच मिनिटांत घाम फुटतो. आई म्हणाल्या, "माझ्या चार सुती साड्या आहेत पेटीत. काहून ठेवल्या असतील?" आधी साड्या दोनदा गरम पाण्यात धुतल्या, खळ पूर्ण निघेपर्यंत. खळ राहिली की सुई अडते. मग गच्ची झाडून चारही थर एकावर एक अंथरले, सगळ्यात विरलेल्या दोन मधे. मी, मुलगी, नणंद आणि शेजारच्या काकू चार कोपरे ताणून बसलो. कच्चे टाके मधून बाहेर घालत गेलो, म्हणजे चुणी आत अडकत नाही, काठाकडे निघून जाते.

पक्का धावदोरा आईंनी घातला, काठापासून आत. त्यांचा हात जवळून बघण्यासारखा आहे. उजवा हात सुई धरून जवळजवळ स्थिर, आणि डावा हात कापड सुईवर चढवत जातो, लाटेसारखा. पाच-सहा टाके सुईवर जमले की मग दोरा ओढायचा. ओढल्यावर अंगठ्याच्या नखानं ती ओळ एकदा दाबायची, म्हणजे दोरा ताणलेला राहत नाही. खालून डाव्या तर्जनीला सुईचं टोक लागतं तेव्हाच त्यांना कळतं की चारही थर घेतले. त्या बोटावर कडक घट्टा आहे. मला वाटायचं तो भाजी चिरून झाला असेल. चाळीस मिनिटं झाली की बोटं आखडायची, मग सुई पदराला टोचून ठेवायच्या. मार्चमध्ये सुरू झालेली गोधडी अक्षय तृतीयेच्या आधी पूर्ण झाली. साडीचे काठ चारही बाजूंनी चौकटीसारखे आले आहेत.

उरलेल्या तुकड्यांत उशांचे अभ्रे झाले आणि लोडाची खोळ. लोड आठ इंच जाड, म्हणून घेर साधारण २५ इंच, शिवणीला एक इंच. दोन्ही टोकांना चेन न लावता नाडी घातली. बसताना पाठीला टोचत नाही आणि कापूस काढून उन्हात टाकता येतो. पहिल्यांदा कापूस फार ठासला, लोड लाकडासारखा झाला. एक किलोच्या आसपास काढला तेव्हा बरा झाला.

नवतप्यात

२५ मे ला नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक मानले जाणारे नऊ दिवस, लागला. २३ मे २०१३ ला याच शहरात ४७.९ अंशांची नोंद झाली होती. ते दिवस ज्यांनी इथं काढलेत त्यांना नवतपा म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. मी खोलीत साधं थर्मामीटर टांगलं होतं. एका दिवशी चिक वर गुंडाळून ठेवली, दुसऱ्या दिवशी खाली सोडली. दोन्ही दिवशी कूलर बंद ठेवून दुपारी चारला बघितलं. पहिल्या दिवशी ४०, दुसऱ्या दिवशी ३७. दोन दिवसांच्या मोजणीवर मी फार जोर देणार नाही, बाहेरचं ऊनही कमीजास्त असतं. पण माझ्यासाठी मोठी नोंद दुसरी आहे. वहीत २७ मे च्या खाली लिहिलंय: "आई जेवण करून खोलीत गेल्या. साडेचारला उठल्या." दिवाणावर त्या दिवशी कोणी नव्हतं.

खर्च चिक, कापड, अस्तर, गादीचं पिंजण सगळं धरून सात हजारांच्या आत झाला. आधीचे पडदे आणि फोमची गादी याच्यापेक्षा बरीच महाग होती.

पावसाळ्यात काय बिघडलं

जुलैत डाव्या पडद्याच्या अस्तरावर काळे ठिपके दिसले. ओल धरण्याचा कापसाचा जो गुण उन्हाळ्यात कामाला आला, तोच पावसात बुरशीला जागा देतो. कूलर बंद होता, पण टाकीत तळाशी पाणी राहिलं होतं आणि त्याची दमट हवा पडद्याला लागत होती. टाकी रिकामी करून पुसली, कूलरच्या तोंडावर प्लास्टिक बांधलं. ठिपके पडलेला भाग उकळत्या पाण्यात धुतला. फिकट डाग राहिलेच. आता पाऊस लागायच्या आधी, जूनच्या पहिल्या आठवड्यात, गादी, लोड आणि गोधडी सलग तीन दिवस गच्चीवर कडक उन्हात घालते. पावसाळ्यात पडदे दिवसा पूर्ण उघडे, भिंतीला चिकटू न देता बांधलेले. गोधडी पावसात धुवायची नाही. एकदा धुतली तर आतले थर दोन दिवस ओले राहिले होते.

बटणं

नोव्हेंबरात थंडी पडली. एका संध्याकाळी मी खोलीत गेले तर आई खिडकीशी उभ्या, हातात पडद्याचा खालचा तुकडा, आणि पहिलं बटण काजात जात नव्हतं. आखडलेल्या बोटांनी ते धरताच येत नव्हतं. मी पुढे होऊन लावू लागले तर म्हणाल्या, "राहू दे. माझ्या खोलीचा पडदा मले लावता आला पाहिजे." मी ज्यांच्यासाठी हे सगळं मोजलं होतं, त्यांच्या बोटांचं माप मी घेतलंच नव्हतं.

मी म्हटलं वेल्क्रो लावू. त्यांना ते खरखरणं नको होतं. त्यांनी पेटीतून आपल्या वडिलांची जुनी बंडी काढली आणि तिच्यावरची कापडाची घुंडी दाखवली. मोतिया कापडाच्या चिंध्या होत्याच. तिरप्या कापलेल्या पट्टीची सुतळीएवढी जाड वळी शिवायची, बोटाभोवती दोन वेढे द्यायचे, टोक मधून काढून हळूहळू आवळायचं. मला तिसऱ्या खेपेला जमलं. बंडीची घुंडी बोराएवढी असते, आम्ही ती लिंबाएवढी केली, आणि समोर काजाऐवजी दोन बोटं सहज जातील असा फासा. बटणं उसवून नऊ घुंड्या लावल्या. त्या संध्याकाळी आईंनी खालचा तुकडा स्वतः चढवला, एकदा काढला आणि परत चढवला.